दमट हवेतला हॉर्न

हॅलिफॅक्स
६ मार्च १९९४

प्रिय एमरिस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याला कारण उंदीर. हसू नकोस. हिवाळाभर आमची म्हातारी गाडी ऑगस्टा गॅरेजमध्ये उभी होती, तेवढ्यात एका उंदराने तिच्या डॅशबोर्डमागे संसार थाटला. फेब्रुवारीत जरा फिरवून आणावी म्हणून बाहेर काढली, तर बेकरीच्या चढावर बोनेटखालून धूर. मेव्हिस शेजारी बसली होती. शांतपणे म्हणाली, "हेडली, काहीतरी जळतंय, आणि या वेळी तो तुझा पाइप नाही." गाडी ढकलत घरी आणावी लागली. शेजारचा रॅम्सडेन मदतीला आला आणि ढकलता ढकलता मला जपानी गाडी घ्यायचा सल्ला देत राहिला.

बोनेट उघडलं तर वायरींवरचं सुती वेष्टन जागोजागी कुरतडलेलं. आतलं रबर तर हात लावला की पिठासारखं गळतंय. एखाददुसरी वायर बदलून भागणार नाही. सगळा हार्नेसच बदलायला हवा, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंतचा अख्खा जुडगा. आणि तो मी माझ्या हातांनी बदलणार आहे. मी जन्म काढला गालिच्यांच्या गिरणीत, रंगखात्यात. विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण तू बसडेपोत आयुष्यभर तेच केलंस. तुझे गुडघे तुला वेल्समधून इथवर येऊ देणार नाहीत हे ठाऊक आहे. तर तू पत्रातून सांग, मी इथे करतो.

आणि ऐक. उन्हाळ्यात ऑगस्टा घेऊन आम्ही दोघं बार्मथला तुझ्या दारात येणार. पूर्वी दरवर्षी यायचो तसं. यंदा यायचंच आहे.

हातासरशी त्या हॉर्नचाही सोक्षमोक्ष लावतो. एकटा असलो की खणखणीत वाजतो. रविवारी चॅपलसमोर कुणी ओळखीचं दिसलं, की मुका. मेव्हिस म्हणते हवा दमट असते. दर हिवाळ्याच्या तोंडावर खोलून पुसतो, तरी पहिले पाढे पंचावन्न.

अक्षर मोठं दिसतंय ते नव्या पेनामुळे. जाड निबाचं आहे.

तुझा,
हेडली


बार्मथ
१४ मार्च

अरे हेडली,

उंदरालासुद्धा यॉर्कशायरमध्ये दुसरं घर परवडलं नाही म्हणायचं.

आता नीट ऐक. आधी बॅटरी काढ. परत लावताना लक्षात ठेव की तुझ्या गाडीत बॅटरीचा प्लस गाडीच्या पत्र्याला जातो. हल्लीच्या गाड्यांत मायनस जातो. तुझ्या गाडीत सगळं उलटं आहे, आणि ते तसंच राहू दे. त्या रॅम्सडेनला बॅटरीजवळ फिरकू देऊ नकोस, तो तुझ्यावर उपकार म्हणून सुलटं करून ठेवेल.

जुना हार्नेस ओढून काढायची घाई करू नकोस. प्रवासाच्या बॅगांना बांधतो तसल्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या आण. प्रत्येक टोक सोडवायच्या आधी त्याला चिठ्ठी बांधायची आणि ते कुठून सुटलं ते लिहायचं. मग जुना जमिनीवर लांब पसर आणि त्याच्याशेजारी नवा. शेवटचा दिवा लागेपर्यंत जुना फेकायचा नाही. डेपोत आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो, आणि प्रत्येक पोरगं दुसऱ्या दिवशी जुना हार्नेस भंगारात टाकून यायचं.

नवा घेताना सुती वेष्टनाचाच घे. प्लॅस्टिकचा घातलास तर माझ्या दारात येऊ नकोस.

आणखी एक. वायरिंगच्या नकाशात नसलेली एखादी वायर सापडली तर तिला हात लावू नकोस. आधी मला विचार. जुन्या गाड्यांत असतं काहीबाही.

हॉर्नचं सोड. तुमच्याकडची हवा दमट आहे खरी.

माझं बरं आहे. दिवसभर खिडकीत बसतो. ग्वेन्डा म्हणते, या घराला आता दुसरा पडदा लावायला नको.

एमरिस


हॅलिफॅक्स
१० एप्रिल

प्रिय एमरिस,

नवा हार्नेस आला. सुती वेष्टनाचाच आहे, तुझं दार उघडं ठेव. खोक्यातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मेव्हिसने आल्याचा केक दुसरीकडे हलवला. या घरात याहून मोठा मान कुणाला मिळालेला नाही.

चिठ्ठ्या बांधायचं काम चालू आहे. चिठ्ठ्या मेव्हिस लिहिते. फिरत्या वाचनालयात एवढी वर्षं काढली असल्यामुळे तिचं अक्षर सुरेख आहे. मी आत वाकून ओरडतो, ती बाहेर लिहिते. सगळा मागचा भाग सुटला. दाराच्या खांबातून बाहेर येणारे ते दिव्याचे बाण, वळताना दाखवायचे, तेही सुटले. उजवा एका फटक्यात सुटला. डाव्याने अर्धा दिवस खाल्ला.

एक अडचण आहे. डायनॅमोकडून ज्या दोन वायरी येतात त्या दोन्ही नुसत्या पिवळ्या आहेत. जुन्यातही आणि नव्यातही. नकाशात वेगळ्या दाखवल्यात म्हणे. कुठली कुठे लावायची?

बार्मथची खेप झाली की ऑगस्टा विकून टाकावी म्हणतो. गाड्यांच्या मासिकात जाहिरात द्यायची. पुष्कळ वापरली, आता पुरे.

हेडली


बार्मथ
१६ एप्रिल

हेडली,

विकणार? काय प्यायला होतास लिहिताना? सबंध हार्नेस बदलायचा आणि मग विकायची, म्हणजे नवी कवळी बसवून घ्यायची आणि जेवण सोडायचं. हे काही मी ऐकलं नाही.

आता त्या वायरी. दोन्ही पिवळ्या नाहीत. एक नुसती पिवळी, दुसरीच्या वेष्टनात हिरवा धागा विणलेला असतो, चांगला ठसठशीत. आंधळा झालास काय रे? तीस हिरव्या लोकरींतून एकतिसावी हिरवी ओळखून काढणारा तू! गिरणीत मालक स्वतः तुला खिडकीशी बोलावून रंग विचारायचे. वय झालं तुझं, बाकी काही नाही. चष्मा पूस आणि परत बघ.

एमरिस


हॅलिफॅक्स
९ मे

प्रिय एमरिस,

हे पत्र मेव्हिसचं आहे. हेडलीला माहीत नाही. तो तीन आठवडे पत्र का लिहीत नाही, याचं तुला नवल वाटलं असेल म्हणून लिहिते.

तुझी पत्रं मी त्याला वाचून दाखवते. एवढ्यावरूनच काय ते समज. त्या दिवशी मी भरभर वाचत होते आणि ते 'आंधळा झालास काय' तोंडातून निघून गेलं. मला गाळता आलं नाही. तो उठला, कप धुतला आणि बागेत गेला. तेव्हापासून गॅरेजचं दार बंद आहे.

त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेतला मधला भाग गेला आहे, एमरिस. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याकडे बघायचं तर माझ्या कानाकडे बघतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यावर उपाय नाही, पूर्ण अंधार होणार नाही, पण वाचणं आणि गाडी चालवणं संपलं. रंगही पुसट झालेत. त्याचं दुःख त्याला सगळ्यात जास्त आहे, आणि ते तो बोलत नाही. फेब्रुवारीत बेकरीच्या चढावर एक सायकलवाली बाई त्याला दिसलीच नव्हती. मी ओरडणार तेवढ्यात धूर निघाला आणि गाडी थांबली. त्या उंदराला मी मनातल्या मनात चीजचा तुकडा देऊन ठेवलाय. त्याच आठवड्यात हेडलीने लायसन्स परत पाठवलं, कुणी सांगायच्या आत. तुला मात्र कळवायचं नाही असं मला बजावलं.

मी विचारलं, बार्मथला कसं जायचं मग? तर म्हणाला, कुणीतरी चालवणारा बघू, एवढी एक खेप, मग विकू. मी म्हटलं, कुणीतरी कशाला? तर पाइप साफ करत बसला. वाचनालयाची ती हत्तीएवढी व्हॅन मी बर्फातून डोंगरावरच्या शेतवाड्यांपर्यंत नेली आहे, हे त्याला ठाऊक आहे. पण ऑगस्टाच्या चाकामागे मी एकदाही बसले नाही. त्याने कधी दिली नाही आणि मी कधी मागितली नाही. त्याला डाव्या सीटवर बसायचं नाहीये. डावीकडे बसण्यापेक्षा ती गाडीच नको असं त्याने मनाशी ठरवलंय, आणि मला ती गाडी हवी आहे. आमचं सगळं आयुष्य तिच्यात झालं. ती दुसऱ्याच्या अंगणात उभी असलेली मला बघवणार नाही.

तुझ्यावर राग नाही. तुला काय माहीत! पण काहीतरी कर. तुझंच ऐकतो तो, ऐकत नाही असं म्हणत म्हणत.

आपलं ते प्रकरण अजून त्याच्या हाती लागलेलं नाही.

मेव्हिस


बार्मथ
१३ मे

हेडली,

मी गाढव आहे. ग्वेन्डाने याला दुजोरा दिला आहे, आणि तो देताना तिने बराच वेळ घेतला.

मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस. त्या जाड निबाच्या पेनाने सांगितलं.

काय लिहू? वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. तू मला सांगितलं नाहीस याचंही वाटतंय, पण माझा गुडघा गेला तेव्हा मी तरी तुला वर्षभर कुठे सांगितलं होतं? तेव्हा फिट्टंफाट.

आता कामाचं. डेपोत बसखालच्या खड्ड्यात उजेड कधीच नसायचा. मी रंग बघून वायरी लावल्या असं तुला वाटतं का? मी बोटांनी लावल्या. डायनॅमोवर दोन टोकं आहेत, हात लावून बघ. एक मोठं, एक लहान. नव्या वायरींच्या टोकांना जे पितळी तोंड आहे, तेही एक मोठं आणि एक लहान. मोठं मोठ्याला जातं, लहान लहानाला. उलटं बसणारच नाही. ज्याने हे बनवलं त्याला माणसाच्या डोळ्यांवर फारसा भरवसा नव्हता.

बाकीचंही असंच आहे. जाड वायर म्हणजे बॅटरीची. बारीक म्हणजे दिव्यांची. जिथे बोटांना कळणार नाही तिथे मेव्हिसला विचार. चिठ्ठ्या बांधलेल्या आहेतच. गॅरेज उघड, हेडली. तिथली हवा खरंच दमट होईल.

तुझा,
एमरिस


हॅलिफॅक्स
५ जून

प्रिय गाढवास,

पेनाने सांगितलं म्हणे! चाळीस वर्षांत तुला धड खोटं बोलता आलेलं नाही. मेव्हिसला विचारलं, तर तिने लगेच कबूल केलं आणि वर म्हणाली, "पुढच्या वेळी लपवायचं असेल तर पत्रं स्वतः वाच."

गॅरेज उघडलं. मोठं मोठ्याला, लहान लहानाला, अगदी तू म्हणालास तसं बसलं. मी तिथे जमिनीवर बसून चक्क हसलो. मग तीन आठवड्यांची कसर भरून काढली. डोळे मिटून काम करतो, त्याने बरं होतं. उघडे असले की मधे मधे लुडबुड करतात.

रंगांचं मात्र मेव्हिसशी रोज भांडण. परवाचं ऐक.

मी: "ही कुठली?"

ती: "चॉकलेटी."

मी: "चॉकलेटी हा रंग नाही, मेव्हिस. तो खाऊ आहे. तपकिरी म्हणायचंय का? लालसर की पिवळसर?"

ती: "चॉकलेटी. आणि त्यात हिरवी रेघ."

मी: "कसली हिरवी? शेवाळी? पोपटी?"

ती: "हेडली, ती वायर आहे, दिवाणखान्याचा गालिचा नाही."

पण नंतर संध्याकाळी ती एकेक वायर खिडकीशी धरून सांगत बसली. ही पिकलेल्या जरदाळूसारखी, ही ओल्या पाटीसारखी. माझ्या डोळ्यांपुढे सगळे रंग उभे राहिले, एमरिस, होते तसे. मला फार बरं वाटलं. हे तुलाच सांगतो.

आता मुख्य मुद्दा. हॉर्नच्या वायरीला मधेच दोन काळ्या वायरी जोडलेल्या सापडल्या. नकाशात त्यांचा पत्ता नाही. चाचपडत गेलो तर त्या डाव्या बाजूला जातात, डॅशबोर्डखालच्या सामान ठेवायच्या फळीच्या पोटात. तिथे एक लहानसा स्विच. घासून घासून गुळगुळीत झालेला. बाहेरून दिसत नाही, पण डाव्या सीटवर बसलेल्या माणसाचा हात सहज जातो.

मी हाक मारली. "मेव्हिस, हे काय आहे?"

"स्विच."

"कशाचा?"

"शांततेचा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

तो जोड तुझ्या हातचा आहे, नाकारू नकोस. दोरा गुंडाळायची ती पद्धत तुझी. दरवर्षी मी हॉर्न खोलत होतो, पुसत होतो, त्याला तेल पाजत होतो, आणि ही बाई शेजारी बसून म्हणायची, हवा दमट असेल, हेडली! एक दिवस मी कुणाशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला हसू फुटलं ते थांबेना. मेव्हिस आधी घाबरली, मग तीही.

आता सांग, नव्या हार्नेसमध्ये हॉर्न सरळ जोडू की मधे तो स्विच परत घालू? जाहिरातीचा मजकूर लिहून तयार आहे. घेणाऱ्याला असल्या भानगडी कशाला?

हेडली


बार्मथ
१० जून

हेडली,

मला काडीचाही पश्चात्ताप नाही. तुम्ही इथे आला होतात, तू जेवून वाळूवर घोरत होतास, आणि मेव्हिस माझ्याकडे पिठीसाखरेच्या पुडीसारखा एक पुडा घेऊन आली. आत गुळाच्या पाकाची टार्ट. त्या टार्टसाठी मी तुझं इंजिनसुद्धा काढून दिलं असतं. आणि तिची बाजू खरी होती. तू कुत्रं दिसलं तरी हॉर्न द्यायचास. चॅपलच्या पायऱ्यांवर पाद्रीबुवा एकदा तुझ्या हॉर्नने दचकून स्तोत्रांच्या पुस्तकासकट बसकण मारून बसले होते, आठवतं? लोक मेव्हिसकडे बघायचे, तुझ्याकडे नाही.

आता तुझा प्रश्न. हे मला विचारायचं नाही. तो स्विच डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या हक्काचा आहे. तिथे कोण बसणार ते आधी ठरव, मग त्यालाच विचार.

तुला वाटतं की डावीकडे बसलो म्हणजे मी संपलो. मी तर खिडकीत बसतो, त्या खिडकीला चाकंही नाहीत. तरी ग्वेन्डा मला रोज वाफाळता चहा देते आणि मी रोज तिच्याकडे तो गार झाला म्हणून तक्रार करतो. चालतंय. तुझी बायको त्या डोंगरांतून व्हॅन चालवत होती तेव्हा तू तिच्या जेवणाचा डबा भरून द्यायचास आणि सगळ्या गिरणीला अभिमानाने सांगत फिरायचास. ते विसरलास? जाहिरात चुलीत घाल.

वरची खोली झाडून ठेवली आहे. मला जिना चढवत नाही, मी खालीच असतो. खिडकीतून चर्चच्या वळणापलीकडचं दिसत नाही. पण ऐकू येतं.

एमरिस


हॅलिफॅक्स
२६ जून

प्रिय एमरिस आणि ग्वेन्डा,

आज दुपारी बॅटरी लावली. प्लस पत्र्याला. रॅम्सडेन कुंपणावरून ओरडत होता की उलटी लावताय, पेटेल; हेडलीने त्याला आल्याचा केक देऊन गप्प केलं.

मी समोर उभी राहून सांगत गेले. पुढचे दिवे, लागले. मागचे, लागले. डावा बाण बाहेर आला. उजवा जरा अडला, हेडलीने खांबावर बुक्की मारली, मग तोही आला. हेडली प्रत्येक वेळी विचारायचा, "नक्की?" आणि मी म्हणायचे, "नक्की." शेवटी स्टार्टर ओढला आणि ऑगस्टा सुरू झाली, नेहमीसारखी खोकून. मी रडले. सांगायला लाज कसली?

मग तो उतरला. मला वाटलं इंजिन बघायला. तर एक हात बोनेटवर ठेवून गाडीला पुढून वळसा घातला, डावं दार उघडलं, आत बसला आणि दार लावून घेतलं. टोपी मांडीवर. मी तशीच उभी.

"येतेस का?" म्हणाला, "पेट्रोल जळतंय."

सीट पुढे ओढायला मला वेळ लागला, ती इतकी वर्षं त्याच्या पायांच्या मापाची होती. आम्ही बेकरीच्या चढावरून वर तळ्यापर्यंत जाऊन आलो. त्याने पूर्ण रस्ताभर मला गिअर कधी बदलायचा ते सांगितलं, आणि मी एकदाही त्याचं ऐकलं नाही. फार छान झालं.

वार्षिक तपासणीत गाडी पास झाली की येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी निघू. स्विच त्याने परत बसवलाय. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. जाहिरातीचा कागद मात्र मला केकच्या साच्याखाली सापडला, तुपकट झालेला.

मेव्हिस


बार्मथ
१४ जुलै

हेडली,

तुम्ही जाऊन तीन दिवस झाले तरी ग्वेन्डा अजून दोन कप जास्त काढते.

त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं, तुमच्या देखत जमलं नाही. मी सकाळपासून खिडकीत होतो. चहाच्या सुमारास चर्चच्या वळणापलीकडून हॉर्न ऐकू आला. एकदा वाजून थांबला असता तर समजलो असतो. थांबेचना. अख्ख्या गल्लीची कुत्री भुंकायला लागली, समोरच्या बाई दारात आल्या. मी ग्वेन्डाला म्हटलं, बघ, हेडलीच चालवतोय, त्याचे डोळे बरे झाले! मग गाडी वळली. चाकामागे मेव्हिस, पुढे वाकलेली, तळहात हॉर्नवर दाबून धरलेला, आणि चेहरा असा की जणू शाळेतून पळून आलेली पोरगी. आणि डावीकडे तू, हनुवटी वर, दोन्ही हात टोपीवर.

मी काठी घेऊन फाटकापर्यंत गेलो. ग्वेन्डा म्हणते, वर्षभरात पहिल्यांदा.

स्विच तुझ्या गुडघ्यापाशी होता, हेडली. दाबला का नाहीस?

एमरिस


हॅलिफॅक्स
२० जुलै

प्रिय एमरिस,

दाबला नाही, कारण तिने मागितला नाही आणि मलाही नको होता. ती इतकी वर्षं डावीकडे बसून काय बघत होती, ते मला त्या शनिवारी कळलं. ती हॉर्न देत होती तेव्हा मी तिच्याकडे कडेच्या नजरेने बघत होतो. कडेचं मला चांगलं दिसतं.

परतीचा प्रवास सुखाचा झाला. ऑगस्टा कुठे खोकलीसुद्धा नाही. जुना हार्नेस अजून गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय, तुझ्या चिठ्ठ्यांसकट. टाकवत नाही.

रविवारी आम्ही गाडी घेऊन चॅपलला गेलो. पायऱ्यांवर सगळे जमलेले होते, नवे पाद्रीबुवाही. मेव्हिसने त्यांना बघितलं आणि तिचा हात हॉर्नकडे गेला. मी आपली टोपी सरळ केली, आणि दुसरा हात सहज फळीखाली नेला.

तिने दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. पाद्रीबुवांनी अदबीने मान लववली आणि आम्ही त्यांच्यासमोरून शांतपणे गेलो.

मेव्हिसने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत होतो.

"हवा दमट असेल, मेव्हिस," मी म्हणालो.

तुझा,
हेडली